सात दिवसांचा जीएम डाएट सुरक्षित आहे का? तक्त्याआधी घरातल्या गोळ्या बघा

प्रश्न थोडक्यात असा: वय ४१, उंची पाच फूट एक इंच, वजन ७४ किलो, बँकेत बैठं काम. थायरॉइडची ७५ची गोळी आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० चालू. दीड महिन्यावर भाच्याचं लग्न. ऑफिसातल्या मैत्रिणीने जीएम डाएट करून आठवड्यात चार किलो उतरवले आणि तोच शाकाहारी तक्ता हिला पाठवला. यजमानांना नऊ वर्षं मधुमेह आहे, तेही सोबत करायला तयार झालेत. सात दिवसांनी काही अपाय होईल का आणि अशक्तपणा येऊ नये म्हणून वरून काय घ्यावं, असं विचारलंय.

ताई, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. वजनकाट्यावरचा आकडा खाली येईल का? येईल. अगदी धडधाकट माणसाला एकदा, सातच दिवस केल्याने काही कायमचं नुकसान होईल का? बहुतेक नाही. तुम्हा दोघांना चालेल का? यजमानांना अजिबात नाही, आणि तुमचं उत्तर एका रक्ततपासणीवर अवलंबून आहे. मी आहारतज्ज्ञ म्हणून रुग्णालयाच्या ओपीडीत बसते. असा तक्ता घेऊन कुणी आलं, की मी आधी तक्ता वाचत नाही, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडायला सांगते. लोकांना भीती अशक्तपणाची वाटते, पण खरी गडबड बहुतेक वेळा गोळ्या आणि तो आहार यांच्या जोडीत होते.

आधी तक्त्याबद्दल. सांगितलं असं जातं, की १९८५ साली जनरल मोटर्सने आपल्या कामगारांसाठी अमेरिकी सरकारी खात्यांच्या मदतीने हा आहार तयार करवून घेतला. याला कसलाही विश्वासार्ह पुरावा नाही. मोठ्या कंपनीचं नाव लागलं की माणसं खात्री करायला जात नाहीत, एवढंच. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात पहिला दिवस केळं सोडून फक्त फळं, दुसरा दिवस फक्त भाज्या आणि सकाळी एक उकडलेला बटाटा, तिसरा दिवस फळं-भाज्या दोन्ही. चौथ्या दिवशी ८ केळी आणि ३ ग्लास दूध, पाचव्या दिवशी एक कप भात आणि ६ टोमॅटो, सहाव्याला एक कप भात आणि भाज्या, सातव्याला भात, भाज्या आणि फळांचा रस. सोबत रोज हवं तेवढं कोबीचं सूप आणि १०-१२ ग्लास पाणी.

आता पाचव्या आणि सहाव्या दिवसाकडे नीट बघा. मूळ अमेरिकी तक्त्यात त्या दिवशी गोमांस आहे, प्रत्येकी १० औंसाचे दोन वाटे, म्हणजे दिवसाला अर्ध्या किलोहून जास्त. त्यातून शंभर ग्रॅमच्या पुढे प्रोटीन मिळतं. आपल्याकडे तक्ता शाकाहारी करताना ते काढलं आणि जागेवर ठेवला एक कप भात, ज्यात चार-पाच ग्रॅम प्रोटीन असतं. आठवड्यातले सर्वांत जास्त प्रोटीनचे दोन दिवस आपण सर्वांत कोरडे करून टाकले. काही तक्त्यांत पनीर किंवा मोड आलेली कडधान्यं दिलेली असतात, ते त्यातल्या त्यात बरं. तुमच्यात तेही नाही. त्यामुळे 'अमुक अमुक माणसांनी केलाय, त्यांना काही झालं नाही' हे ऐकताना ते नेमका कोणता तक्ता करत होते हे विचारायला हवं.

मी हिशेब कसा करते ते एका दिवसावर दाखवते. पहिला दिवस घ्या. समजा तुम्ही एक किलो कलिंगड, अर्धा किलो पपई, दोन मोठी सफरचंदं आणि दोन संत्री खाल्लीत. पोट टम्म होईल. कॅलरी होतील सुमारे ७७५ आणि प्रोटीन जेमतेम १२ ग्रॅम. भारतीयांसाठी २०२० साली ठरवलेलं प्रमाण किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम आहे. ७४ किलोला ते ६१ ग्रॅम होतं, पण चरबीला फारसं प्रोटीन लागत नाही म्हणून मी तुमच्या उंचीला साजेसं ५५ किलो धरून ४५ ग्रॅमवर येते. म्हणजे गरजेच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. दुसऱ्या दिवशी कॅलरी पाचशेच्या घरात घसरतात. सात दिवसांची बेरीज केली तर प्रोटीन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास जातं, हवं होतं तीनशेच्या वर. एरवी आपल्या घरात वरण, उसळ, दही-ताक यांतून जे नकळत मिळतं, ते इथे काढून टाकलंय. आणि ही तूट शरीर स्नायूंमधून भरून काढतं.

मग मैत्रिणीचे चार किलो कुठे गेले? एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. तुमचं वय, वजन आणि बैठं काम बघता दिवसाचा खर्च १,८०० च्या आसपास असावा. तक्त्याची सरासरी ८०० ते ९०० धरली तर आठवड्याची तूट ६,३०० ते ७,०००, म्हणजे पाऊण किलोच्या थोडी वर चरबी. उरलेलं बहुतेक पाणी. यकृत आणि स्नायूंत मिळून चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचं राखीव रूप) साठवलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी. साठा रिकामा झाला की दीड-दोन किलो तिथेच उतरतात. पापड-लोणचं, फरसाण, बाहेरचं खाणं बंद झालं की मिठाने धरून ठेवलेलं पाणीही जातं. आतड्यांतला भार हलका होतो. आठव्या दिवशी पोळी-भाजी-वरण-भात सुरू झाला की हे सगळं परत येतं, त्यात तुमचा काही दोष नसतो. लग्न दीड महिन्यावर असताना आता उतरवलेलं पाणी लग्नापर्यंत टिकणार नाही, हा साधा मुद्दा आहे.

आता मुख्य गोष्ट. कमी कॅलरी म्हणजे आपोआप धोका, असं मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा एक मोठा अभ्यास झाला, २०१७ साली त्याचे निकाल आले. त्यात टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने रोज फक्त ८२५ ते ८५० कॅलरींवर ठेवलं होतं आणि वर्षाअखेर जवळपास निम्म्या रुग्णांची साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. आकडा तुमच्या तक्त्याइतकाच. पण त्यांच्या पेयांत प्रोटीन, जीवनसत्त्वं, क्षार मोजून घातलेले होते, वरचेवर तपासणी होती, आणि सुरुवातीलाच त्यांच्या साखरेच्या व बीपीच्या गोळ्या थांबवल्या होत्या. हे शेवटचं वाक्य तुमच्या यजमानांसाठी आहे.

त्यांच्या दोन गोळ्या तुम्ही लिहिल्यात: एकीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, दुसरीत डापाग्लिफ्लोझिन. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतं. तुम्ही जेवलात की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, आणि त्याचा असर जवळपास दिवसभर राहतो. दुसऱ्या दिवशी पोटात फक्त भाज्या आणि सूप असेल तर दुपारनंतर साखर घसरू शकते. ओपीडीत अशी माणसं येतात. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस चिडचिडा होतो किंवा असंबद्ध बोलतो, आणि घरचे म्हणतात, 'डाएट सुरू आहे ना, थकवा असणारच.' तिथेच वेळ जातो. डापाग्लिफ्लोझिनचं आणखी वेगळं आहे. ते साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. खाणं एकदम तोडलं तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढून आम्लता होऊ शकते, आणि यातली फसवी बाब अशी की घरच्या मशीनवर साखर फार वाढलेली दिसत नाही. उलट्या, पोटात दुखणं, धाप, विलक्षण गळाठा यांतलं काही झालं तर ते 'डिटॉक्स' नव्हे, ते रुग्णालयात जाण्याचं कारण आहे. प्रमाण कमी आहे, पण सात दिवसांच्या हौसेसाठी हा जुगार कशाला?

बरं, चौथ्या दिवशी नेमकं उलटं. ८ केळी आणि ३ ग्लास दूध म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या पुढे कर्बोदकं, त्यातली बरीचशी साखरेच्याच रूपात. दोन दिवस खाली ढकललेली साखर एकदम वर. 'मग त्या आठवड्यात गोळी अर्धी घेतो' असं यजमान म्हणतील. बहुतेक जण म्हणतात. कोणती गोळी किती कमी करायची हे डोस, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि रोजच्या साखरेच्या नोंदींवर ठरतं, आणि ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

तुमच्यासाठीही चौथा दिवसच महत्त्वाचा. एका मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. ८ केळ्यांचं ३,२००, त्यात दुधाचं आठ-नऊशे, म्हणजे एकूण चार ग्रॅमच्या पुढे. किडनी ठणठणीत असेल तर हे काहीच नाही, निरोगी प्रौढाला रोज साडेतीन ग्रॅम घ्यायला सांगतातच. पण टेल्मिसार्टन पोटॅशियम शरीरात थोडं रोखून धरतं. किडनीचं काम मंदावलेलं असेल तर दोन्ही मिळून रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. बीपी जुना असला की किडनीचं काम कधी कमी झालं हे कळतही नाही, कारण दुखत काही नसतं. म्हणून वर म्हटलं की तुमचं उत्तर रक्ततपासणीवर आहे. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम गेल्या सहा महिन्यांत केलेलं नसेल तर आधी ते करा, हा डाएट करा अथवा न करा.

गोळीच्या पाकिटावर एकदा पूर्ण नाव वाचा. टेल्मिसार्टनसोबत कधी कधी हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन जोडलेलं असतं. त्या गोळ्या लघवीवाटे मीठ आणि पाणी काढतात. त्यावर बिनमिठाचं सूप, पोळी-भाजीतलं मीठ बंद आणि वरून 'टॉक्सिन निघतात' म्हणून घडाघडा पाणी, असं झालं तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं. चक्कर, डोकं जड, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. शिवाय वजन आणि मीठ दोन्ही कमी झालं की तोच बीपीचा डोस जास्त पडायला लागतो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळे. लोक लिंबू-साखर पाणी पिऊन वेळ मारून नेतात, बीपी कुणी मोजत नाही.

थायरॉइडवाल्यांना कोबी विष असल्याचं तुम्ही ऐकलंय. शिजवलेला कोबी, घरात आयोडीनचं मीठ आणि तुमची गोळी चालू, अशा स्थितीत आठवड्याभराच्या सुपाने काही बिघडत नाही. फक्त गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्याबरोबर घ्या, त्यानंतर अर्धा-एक तास काही नको, आणि दूध किंवा कॅल्शियमची गोळी चांगल्या अंतराने. कोबीची खरी काळजी ज्यांनी हृदयाच्या झडपेसाठी किंवा गुठळीसाठी वॉरफेरिन अथवा अ‍ॅसिनोकुमॅरॉल घेतलंय त्यांनी करावी. पालेभाज्या-कोबीतलं व्हिटॅमिन के अचानक वाढलं की त्या औषधाचं गणित बदलतं.

पित्ताचे खडे, युरिक अ‍ॅसिड आणि केस हा भाग आठवड्यापेक्षा वारंवार करण्याशी जोडलेला आहे. वजन झपाट्याने उतरताना यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, आणि जेवणात तेल-तूप जवळपास नसलं की पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त आत साचून राहतं. चाळिशीतल्या, वजन जास्त असलेल्या बायकांमध्ये खड्यांची शक्यता एरवीच जास्त असते. उपासमारीत युरिक अ‍ॅसिड वाढतं, ज्यांना गाउट आहे त्यांचा अंगठा सुजतो. केस दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात, त्यामुळे डाएटशी संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही आणि सगळे शाम्पू बदलत बसतात. एकदाच केलेल्या सात दिवसांत यातलं बहुतेक काही होणार नाही. पण जीएम करणारी माणसं एकदा करून थांबत नाहीत. वजन परत आलं की पुढच्या महिन्यात पुन्हा, आणि मग सणासुदीनंतर पुन्हा.

मुदतीचा प्रश्न किती मोठा असतो याचा एक जुना दाखला आहे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत द्रवरूप प्रोटीनवर वजन घटवायची लाट आली होती. ते प्रोटीन जनावरांच्या कातडी-कूर्च्यातल्या कोलॅजनपासून केलेलं, म्हणजे हलक्या दर्जाचं, आणि दिवसाला तीन-चारशे कॅलरी. लोक महिनोन्‌महिने त्यावर राहिले. सुमारे साठ मृत्यूंची चौकशी झाली, त्यांतल्या अनेकांच्या हृदयाचे ठोके बिघडले होते. तुमचा तक्ता त्या जातीचा नाही, घाबरवायला सांगत नाहीये. पण कोणताही आहार तपासताना मी 'यात काय आहे' याच्या आधी 'यात काय नाही आणि ते किती दिवस नसणार' हे बघते, ते यासाठी. तुमच्या तक्त्यात डाळी, कडधान्यं, तेलबिया नाहीत, दूध फक्त एका दिवशी. शाकाहारी माणसाला बी १२ दूध-दह्यातूनच मिळतं. लोहाचं म्हणाल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे जिचं हिमोग्लोबिन आधीच साडेनऊ आहे तिच्यासाठी हा आठवडा आणि जिचं साडेबारा आहे तिच्यासाठी हाच आठवडा, दोन्ही सारखे नाहीत.

गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, अठराच्या आतल्या मुली, किडनीचे रुग्ण, खडे किंवा गाउट असलेले, खाण्याबद्दल टोकाचं वागण्याचा इतिहास असलेले, यांनी असले तक्ते मुळीच करू नयेत.

'अशक्तपणा येऊ नये म्हणून काय घ्यावं' या प्रश्नाला मल्टिव्हिटॅमिन हे उत्तर नाही. गोळीत प्रोटीन नसतं आणि कॅलरीही नसतात. ज्याने अशक्तपणा टळतो तेच ताटातून काढलंय, ते परत ठेवायचं. हट्टाने करणारच असाल आणि तपासण्या नीट आल्या असतील, तर तक्त्याची मोडतोड करा: रोज दोन वाट्या घट्ट वरण किंवा मटकी-मुगाची उसळ, पाव किलो दही किंवा पन्नास-साठ ग्रॅम पनीर, दोन चमचे तेल, चवीपुरतं मीठ. चौथ्या दिवसाची केळी दोनवर आणा. मग तो जीएम राहणार नाही हे खरं, पण तोटा कुणाचा?

माझा सल्ला विचाराल तर दीड महिना हातात आहे, तो वापरा. दिवसाला १,३०० ते १,४०० कॅलरींत अडीच-तीन किलो नीट उतरतील, आणि ते परत येणार नाहीत असं निदान म्हणता येईल. चहापासून सुरू करा. तुम्ही चार कप लिहिलेत, प्रत्येकी दोन चमचे साखर धरली तर एकट्या साखरेच्या १६० कॅलरी झाल्या. दोन कप करा, अर्धा चमचा साखर. नाश्त्याला पोहे हवेत तर एक वाटी, सोबत वाटीभर मोड आलेले मूग, नाहीतर मुगाची दोन धिरडी. दुपारच्या डब्यात तीनऐवजी दोन पोळ्या, वरून तेल न लावता, आणि भाजीसोबत उसळ हवीच. बँकेतले डबे मी पाहते, त्यात पोळी-भाजी असते आणि प्रोटीनच्या नावाने शून्य. पाचच्या सुमाराची भूक हीच तुमची खरी अडचण असणार, तेव्हा ड्रॉवरमधल्या फरसाणाऐवजी मूठभर फुटाणे आणि एक फळ. रात्री भात हवा तर पोळी नको, वरण घट्ट, कोशिंबीर भरपूर. आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं खुर्चीवरून उठाबशा आणि भिंतीवर हात टेकून दंड काढा, म्हणजे जे वजन जाईल ते स्नायूंतून जाणार नाही. काटा आठवड्यातून एकदाच बघा, कमरेचं माप मात्र टेपने लिहून ठेवा.

यजमानांना हाच स्वयंपाक चालेल, पण भात-पोळी कमी झाली की त्यांची साखरही उतरेल, म्हणून सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून 'जेवण कमी करतोय, ग्लिमेपिराइडचं काय करू' एवढं विचारायला लावा. पहिले दहा दिवस सकाळी उपाशीपोटी आणि रात्री जेवणाआधी बोटातून साखर तपासून वहीत लिहायची, ७० च्या खाली गेली की आधी तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. तुमचं क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आलं की आकडे इथेच लिहा, शिवाय मासिक पाळी नियमित आहे का तेही. मग दूध-फळांचं प्रमाण नेमकं सांगते.